वेल्डिंगच्या काचेचा एनडी फिल्टर: नंबर कुठला, बसवायचा कसा आणि हिरवा रंग घालवायचा कसा

प्रश्न असा आहे: १८-५५ ची किट लेन्स आहे, तिचा फिल्टर-आटा ५८ मिमीचा. पावसाळ्यात धबधबा आणि कोकणात समुद्र दुधासारखा यावा, ढग ओढल्यासारखे दिसावेत. दहा स्टॉपचा चांगला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची प्रकाश कमी करणारी काच, परवडत नाही (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). वेल्डिंगची काच, जुनी एक्स-रे फिल्म, गाडीच्या काचेची काळी फिल्म, गॉगलची काच, यांपैकी काय चालेल आणि ते लेन्सवर लावायचं कसं?

वेल्डिंगची काच चालते, आणि बऱ्यापैकी चालते. बाकीचं बहुतेक सामान चालत नाही, त्याची कारणं पुढे येतीलच. पण आधी फिल्टर लागतोच का ते बघा, कारण अर्ध्याअधिक वेळा लागत नाही.

पावसाळ्यात झाडीत दडलेल्या धबधब्यापाशी उजेड किती कमी असतो याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. डोळे सरावतात, कॅमेरा सरावत नाही. दाट झाडीखाली, वर ढग असताना, आयएसओ १०० आणि एफ/१६ ला शटर अनेकदा अर्ध्या सेकंदावर येतं. पाण्याच्या धारा रेशमासारख्या दिसायला पाव सेकंद ते दोन सेकंद पुरतात. त्याहून लांब गेलात तर धारांमधले पदर जातात आणि कड्यावर चुना ओतल्यासारखा पांढरा पट्टा उरतो. तिथे फिल्टरची गरज नाही, ट्रायपॉडची आहे. समुद्राचं गणित वेगळं: एक सेकंदाच्या आसपास लाट मागे सरताना खडकांवरून ओघळणाऱ्या पाण्याच्या रेघा मिळतात, ३० सेकंदांच्या पुढे समुद्राचं धुकं होतं. ढगांना खरोखर ओढायचं तर दोन ते चार मिनिटं. म्हणजे काय हवं यावर किती अंधार विकत घ्यायचा ते ठरतं.

वेल्डिंगच्या काचेची खरी खुबी तिच्या स्वस्तपणात नाही. तिच्यावरचा नंबर म्हणजे ठरलेलं माप आहे, म्हणून घरगुती सामानातला हा एकमेव फिल्टर असा आहे की ज्याचा हिशेब आधी कागदावर करता येतो. नंबरातून एक वजा करा, तीनने गुणा, सातने भागा. येते ती काचेची घनता. घनता तीन म्हणजे प्रकाश हजारपट कमी. त्यावरून:

५ नंबर: सुमारे ५२ पट, पावणेसहा स्टॉप
८ नंबर: १००० पट, दहा स्टॉप
९ नंबर: सुमारे २,७०० पट, साडेअकरा स्टॉपच्या जरा आत
१० नंबर: सुमारे ७,२०० पट, पावणेतेरा स्टॉप
११ नंबर: सुमारे १९,३०० पट, सव्वाचौदा स्टॉपच्या जरा आत
१२ नंबर: सुमारे ५२,००० पट, साडेपंधराच्या वर

आता हे उजेडाला लावून बघा. आयएसओ १००, एफ/११ धरू. लख्ख उन्हात फिल्टरशिवाय शटर साधारण १/२५० येतं. तिथे ८ नंबरने जेमतेम चार सेकंद मिळतात, १० ने २९ सेकंद, ११ ने सव्वा मिनिट. भरून आलेल्या आभाळाखाली फिल्टरशिवाय १/३० च्या आसपास. तिथे ५ नंबरने पावणेदोन सेकंद, ८ ने अर्धं मिनिट, १० ने चार मिनिटं, ११ ने पावणेअकरा मिनिटं. सूर्य बुडून गेल्यावर, फिल्टरशिवाय पाव सेकंद येत असेल तेव्हा, ५ नंबर १२-१३ सेकंद देतो, ८ नंबर चार मिनिटं, आणि ११ नंबरला सव्वा तासाच्या वर उभं राहावं लागेल.

घोळ इथेच होतो. हार्डवेअरच्या दुकानात ‘वेल्डिंगची काळी काच द्या’ म्हटलं की हातात पडते ती बहुधा ११ नंबरची, कारण आर्क वेल्डिंगवाल्यांना तीच लागते. ही काच भर दुपारच्या उन्हासाठी ठीक आहे. पावसाळी समुद्रासाठी ती घेऊन गेलात तर दहा-दहा मिनिटांचे फोटो काढत बसाल, त्यात चूक निघाली की भरतीची वेळ निघून गेलेली असेल. ढगाळ हवेसाठी ८ किंवा ९ मागा. नसेल तर दुकानदार ‘अकरा घ्या, सगळे तेच नेतात’ म्हणेल. घेऊ नका. पुण्यात बोहरी आळी किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या अवजारांच्या बाजारात थोडं फिरलात तर नंबर निवडायला मिळतो. ५ नंबर मात्र गॅस कटिंगच्या गोल गॉगलमध्ये असतो, ५० मिमी व्यासाची चकती. आणि ‘काळी’ हा शब्द आवर्जून वापरा, कारण वेल्डिंगची पांढरी काचही मिळते. ती नुसती ठिणग्यांपासून काळ्या काचेला वाचवायला पुढे लावायची साधी काच असते.

आपल्याकडची नेहमीची काळी काच सव्वातीन बाय सव्वाचार इंचाची, म्हणजे साधारण ८२ बाय १०८ मिमी, जाडी ३ मिमीच्या आसपास. ५८ मिमीच्या लेन्सला ती चारही बाजूंनी पुरून उरते. ७७ मिमीच्या लेन्सला रुंदीत अगदी काठोकाठ येते, तिथे वाइड अँगलला कोपरे काळे पडतील. काच कापून गोल करण्याच्या फंदात पडू नका, चौकोनी फिल्टरने फोटो चौकोनीच येतो.

एकच काच घेऊन निघू नका, किंमत चहा-भज्यांच्या घरातली आहे. दहा काचा काउंटरवर मागवा आणि दुकानातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात बघा. काच हळूहळू कलती करत ट्यूबची रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवा. रेघ सरळच राहिली तर काच सपाट आहे. रेघ मधेच सापासारखी वळली, कडेला फुगली किंवा तुटल्यासारखी दिसली तर ती काच वेल्डरसाठी चांगली, तुमच्यासाठी नाही. ही काच डोळा वाचवण्यासाठी बनते, तिच्यातून बारीक तपशील टिकावेत म्हणून कुणी तिला घासून सपाट करत नाही. १८ मिमीला हा दोष फारसा दिसत नाही, ५५ मिमीला कडा मऊ होतात, आणि २०० मिमीच्या टेलीला तर फोटो नजर अधू झाल्यासारखा येतो. टेलीसाठी वेल्डिंगची काच नकोच. मग काच कडेने बघा: कडही आतपर्यंत गडद असली पाहिजे. दोन साध्या काचांमध्ये काळी फिल्म दाबलेली किंवा एका बाजूला लेप दिलेली असेल तर नको. पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकचीही मिळते. न फुटणारी आहे म्हणून मोह होतो, पण तिच्यातून चित्र काचेपेक्षा मऊ येतं. सोनेरी लेपाची मिळाली तर हिरवा रंग कमी असतो, पण आरशासारख्या लेपाने उलट्या प्रतिबिंबांचा त्रास वाढतो.

आता बसवणं. इथे बहुतेकांचं चुकतं, आणि का चुकतं हे आकड्यात बघण्यासारखं आहे. ११ नंबरच्या काचेतून प्रकाश येतो तो ०.००५ टक्के. काचेची मागची, लेन्सकडे तोंड केलेली बाजू मात्र लेप नसल्यामुळे समोर आलेल्या प्रकाशातला ४ टक्के परत लेन्समध्ये ढकलते. म्हणजे काच आणि लेन्स यांच्यामधल्या फटीतून आत शिरलेला उजेड, काचेतून आलेल्या तेवढ्याच उजेडाच्या तुलनेत आठशेपट जोर करतो. साध्या यूव्ही फिल्टरला फट राहिली तर काही बिघडत नाही. इथे फट राहिली की लेन्सच्या तोंडावरची पांढरी अक्षरं, ‘१८-५५’ आणि कंपनीचं नाव, उलटी होऊन आभाळात उमटतात. ही भुताटकी नाही, फटीतल्या उजेडाने उजळलेली अक्षरं काचेच्या पाठीवर दिसतात. त्यासाठी अक्षरांवर काळी चिकटपट्टी लावणं हा अर्धा उपाय. पूर्ण उपाय म्हणजे फटच राहू न देणं.

म्हणून रबर बँडने काच बांधणं फक्त करून बघण्यापुरतं. कायमचं करायचं तर ५८ मिमीचा जुना, ओरखडे पडलेला यूव्ही फिल्टर घ्या. त्यातली काच एका पातळ कड्याने अडवलेली असते आणि कड्याला समोरासमोर दोन खाचा असतात. कंपासपेटीतल्या डिव्हायडरची दोन टोकं त्या खाचांत अडकवून कडं उलटं फिरवा, काच निघते. ती ठेवून द्यायची गरज नाही, उरलेली रिंग हवी आहे.

काळ्या काचेच्या कडा धारदार असतात. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून कडांवरून फिरवा, कोरडं घासू नका, काचेची धूळ नाकात जाते. मग काच स्पिरिटने पुसा. रिंगची पुढची, म्हणजे लेन्सवर चढते त्याच्या उलट बाजूची सपाट कड १२० नंबरच्या सँडपेपरने खरवडून निस्तेज करा, नाहीतर गोंद काळ्या मुलाम्यावरून पापुद्र्यासारखा सुटतो. कागदावर काचेचा आयत काढून त्याचे कर्ण आखा, मध्य मिळाला. त्या मध्यावर रिंगच्या मापाचं वर्तुळ काढा, काच कागदावर ठेवली की हे दिसणार नाही, म्हणून आयताच्या चारही बाजूंना वर्तुळाच्या कडेचे खुणेचे टिपके बाहेरपर्यंत ओढून घ्या. रिंग काचेवर ठेवताना आटे वर, खरवडलेली कड खाली.

गोंद दोन ट्यूबचा, सावकाश वाळणारा इपॉक्सी घ्या, अरल्डाइटच्या जातीचा. दोन्ही भाग समान पिळून मिनिटभर नीट घोटा. झटपट चिकटणारा एका थेंबाचा गोंद इथे घातक आहे: त्याची वाफ काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, आणि तो ताठ असल्याने आदळल्यावर सुटतो. सिलिकॉन वापरायचं तर व्हिनेगरचा वास येणारं नको, न्यूट्रल लिहिलेलं घ्या. गोंदाचा पातळ पट्टा रिंगच्या कडेवर लावा, आतल्या बाजूला अगदी कमी, कारण दाबल्यावर तो आत पसरून चित्रात येतो. वर अर्धा किलो तांदळाची पिशवी ठेवा आणि २४ तास हात लावू नका. रिंग लेन्सवर चढवून मग काच चिकटवायची कल्पना सुचली असेल तर ती सोडा, एक ओघळ आट्यात गेला की फिल्टर आणि लेन्स जन्माची गाठ. वाळल्यावर बाहेरच्या सांध्यावर काळा इन्सुलेशन टेप गुंडाळा, काचेच्या कडांनाही तोच लावा. एवढ्या काचेचं वजन ६५ ग्रॅमच्या आसपास भरतं, किट लेन्सला ते झेपतं.

चौकोनी फिल्टरचा स्वस्त प्लास्टिक होल्डर असेल तर ८२ मिमीची काच पी आकाराच्या होल्डरमध्ये रुंदीला बसते, दीड-दोन मिमी सैल. पण त्याची खाच साधारण २ मिमीची आणि काच ३ ची. होल्डरचे स्क्रू काढून पट्ट्यांखाली पातळ वायसर घाला म्हणजे खाच वाढते. मग काचेच्या मागे, होल्डरला लागून, काळ्या ईव्हीए फोमची चौकट चिकटवा. फोम दाबला गेला पाहिजे, नुसता टेकून उपयोग नाही. होल्डरचा मोठा फायदा असा की फोकस करून झाल्यावर काच वरून सरकवता येते, लेन्सला पिळावं लागत नाही.

फट उरली की नाही हे उन्हातच तपासा. फिल्टर चढवा, काचेच्या पुढच्या बाजूवर काळा कार्डबोर्ड घट्ट चिकटवा आणि सूर्याकडे पाठ न करता, उलट ऊन बाजूने लेन्सवर पडेल असा कॅमेरा ठेवून दोन मिनिटांचं एक्स्पोजर घ्या. फोटो पूर्ण काळा यायला हवा. एका बाजूने राखाडी पट्टा आला तर फट त्या बाजूला आहे. मध्यभागी धूसर जांभळट डाग आला तर काच निर्दोष आहे आणि उजेड डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून शिरतोय. त्यावर झाकण लावा, नाहीतर काळा टेप. मिररलेसला हा त्रास नाही.

पुढचं काम म्हणजे तुमच्या काचेचा खरा घटक, म्हणजे ती प्रकाश नेमका किती पट कमी करते ते, मोजणं. नंबर हे माप असलं तरी युरोपीय मानक ईएन १६९ प्रत्येक नंबरला एक पट्टा देतं, ११ नंबरला ०.००३२ ते ०.००८५ टक्के. म्हणजे दोन काचांमध्ये जवळजवळ दीड स्टॉपचा फरक असूनही दोन्ही ‘११’च. शिवाय ते माप डोळ्यासाठी आहे, सेन्सरसाठी नाही. सावलीतली एकसारखी भिंत निवडा, उजेड बदलणार नाही अशी वेळ. फिल्टरशिवाय आयएसओ १०० ला फोटो काढा आणि हिस्टोग्राममधल्या (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखातल्या) हिरव्या डोंगराचं टोक कुठे आहे ते लक्षात ठेवा. फिल्टर लावून तोच अॅपर्चर, आयएसओ १६०० ठेवा आणि हिशेबाने आलेली वेळ १६ ने भागून तिच्या अर्धा, तेवढा आणि दुप्पट, असे तीन फोटो घ्या. ज्यात हिरवा डोंगर त्याच जागी येतो त्या वेळेला १६ ने गुणून फिल्टरशिवायच्या वेळेने भागा. आलेला आकडा डब्यावर मार्करने लिहा. पुन्हा कधी मोजावा लागणार नाही.

हिरवाच डोंगर का, तर काच हिरवी आहे म्हणून. अवरक्त किरण अडवण्यासाठी काचेत लोह मिसळलेलं असतं आणि लोहाची काच हिरवी दिसते. वेल्डरच्या डोळ्यासाठी ते हवंच. आपल्यालाही त्यात एक फायदा आहे, तो पुढे. पण त्यामुळे लाल आणि निळा प्रकाश हिरव्यापेक्षा दोनेक स्टॉप कमी पोचतो, काही काचांत निळा त्याहून कमी, तेव्हा फोटो पिवळट हिरवा येतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं शेवाळलेलं दिसलं तरी घाबरू नका.

रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फाइलमध्येच काढा, जेपेगमध्ये हा रंग निघत नाही. पहिला प्रयत्न कॅमेऱ्यातच: फिल्टर लावून, त्याच उजेडात, पांढऱ्या कागदाचा पुरेसा उजळ फोटो घ्या आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स ठरवा. काही कॅमेरे हे निमूट स्वीकारतात, काही नकार देतात. नकार दिला तरी हा कागदाचा फोटो जपा, घरी त्याचाच उपयोग आहे. लाइटरूममध्ये टिंटचा स्लायडर १५० पर्यंतच जातो आणि तो संपतो तरी हिरवा उरतो. अशा वेळी अॅडोबीच्या मोफत डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये तुमच्या कॅमेऱ्याचं प्रोफाइल उघडून त्यातलं व्हाइट बॅलन्सचं कॅलिब्रेशन सरकवावं लागतं, म्हणजे लाइटरूमचा मध्यबिंदूच सरकतो आणि पुढे स्लायडरला वाव उरतो. त्यापेक्षा डार्कटेबल किंवा रॉथेरपी सोपं: कागदाच्या फोटोवर व्हाइट बॅलन्सचा ठिपका ठेवा, लाल-निळ्याचे गुणक हवे तेवढे वर जातात, आणि तेच गुणक बाकी फोटोंना चिकटवा.

गुणक वाढवले की लाल-निळ्यातला रवाही (नॉइज) तितकाच वाढतो, हे फुकटात मिळत नाही. म्हणून एक्स्पोजर देताना हिरवा डोंगर उजव्या भिंतीला टेकेपर्यंत, पण न आदळता, द्या. एकत्रित पांढरा हिस्टोग्राम बघू नका, आरजीबीचे तीन वेगळे बघा. एवढं करूनही सावल्यांत जांभळट घाण दिसली तर फोटो कृष्णधवल करा आणि तो फक्त हिरव्या चॅनेलमधून करा, बाकी दोन्ही शून्य. वेल्डिंगच्या काचेचे उत्तम फोटो बहुतेक कृष्णधवल असतात ते काही कलेच्या ओढीने नव्हे.

प्रत्यक्ष जागेवरचा क्रम अंगवळणी पाडा, कारण काच चढल्यावर तुम्हाला आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही. फ्रेम ठरवा, फोकस करा, फोकस मॅन्युअलवर टाका, स्टॅबिलायझेशन बंद करा, फिल्टरशिवाय एक बरोबर उजेडाचा फोटो काढून शटर लिहून घ्या, मग काच. जुन्या किट लेन्सचं तोंड फोकसबरोबर फिरतं, रिंग आवळताना फोकस हलतोच. त्यावर हमखास उपाय: एपीएस-सी सेन्सरवर १८ मिमी आणि एफ/११ ला दीड मीटरवर फोकस ठेवला की पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वीकारण्याजोगं स्पष्ट येतं. दिवसा घरी ती जागा शोधून लेन्सवर पांढऱ्या पेनाची खूण करा, काच आवळल्यावर खूण जुळवा. एफ/१६ च्या पुढे वेळ वाढवण्यासाठी जाऊ नका, एफ/२२ ला विवर्तनाने चित्र मऊ होतं आणि सेन्सरवरची धूळ ठिपके म्हणून उभी राहते.

तीस सेकंदांच्या पुढे बल्ब मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) आणि लॉक होणारा केबल रिमोट. रिमोट नसेल तर बटण दाबून धरण्याचा विचारही नको. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर चार मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी चार मिनिटं स्वतःचा काळा फोटो काढत बसतो, तो बिघडलेला नाही. उजेड पळत असताना हे बंद ठेवा आणि शेवटी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळेचा एक काळा फोटो स्वतः घ्या, घरी तो वजा करता येतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे करावंच लागतं, सेन्सर तापला की लाल-निळे चमकते ठिपके चौपट दिसतात. वाळूत ट्रायपॉड असेल तर प्रत्येक लाटेबरोबर पाय मिमी-मिमीने खचतात. आधी पाय दाबून, दोन लाटा जाऊ देऊन मग सुरुवात करा, किंवा सरळ कातळावर या.

आता बाकीच्या सामानाबद्दल. एक्स-रे फिल्म किंवा धुतलेली कृष्णधवल फिल्म म्हणजे चांदीचे कण, ते प्रकाश गाळण्याबरोबर विखुरतात आणि चित्र दुधी करतात. रंगीत निगेटिव्हचं काळं टोक आणि जुन्या फ्लॉपीची तबकडी यांतून अवरक्त किरण सर्रास जातात, ते सेन्सरला दिसतात आणि काळे कपडे तपकिरी-जांभळे होतात. खिडकीच्या काळ्या फिल्ममध्येही हीच भीती. तपासायचं तर टीव्हीच्या रिमोटचा दिवा त्या वस्तूमागे धरून बटण दाबा आणि मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. दिवा झगमगला तर वस्तू अवरक्त सोडते, फिल्टर म्हणून बाद. वेल्डिंगची काच या परीक्षेत स्वच्छ उतरते, तिच्या हिरवेपणातला फायदा तो हा. गॉगलची काच दोन-तीन स्टॉपची आणि वक्र असते, सोडा.

दोन पोलरायझर एकावर एक लावून फिरवण्याचा उपाय खरा आहे, पण दोन्ही सर्क्युलर असतील तर पुढचा उलटा बसवावा लागतो, सरळ लावला तर फिरवून अंधार होतच नाही, नुसता रंग बदलतो. पूर्ण अंधाराजवळ फोटो निळा-जांभळा पडतो आणि १८ मिमीला आभाळात मोठी फुली उमटते. चार-पाच स्टॉपपर्यंत वापरा.

आणि काहीच नको असेल तर कॅमेरा न हलवता एफ/१६ ला १/१५ चे ६४ फोटो लागोपाठ काढा आणि फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट करून स्टॅक मोड ‘मीन’ ठेवा. हे सहा स्टॉपच्या फिल्टरइतकं झालं, रंगाची कटकट नाही, रवा आठपट कमी. गिम्पमध्ये सोळा-वीस फोटोंपर्यंत हाताने जमतं: खालून पहिला थर १०० टक्के, दुसरा ५०, तिसरा ३३, चौथा २५, असं उतरत जा. धबधब्याला आणि समुद्राला हे उत्तम. ढगांच्या कडा मात्र दोन फोटोंमधल्या फटींमुळे पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात आणि होडीची ठिपक्यांची माळ होते. तिथे काचच हवी.

मोबाईलवाल्यांसाठी एवढंच: बहुतेक मोबाईलचं अॅपर्चर एफ/१.८ च्या आसपास अडकलेलं असतं, पण आयएसओ ५० ला ढगाळ हवेत १० नंबरची काच बारा-तेरा सेकंद देते. काच कॅमेऱ्यावर टेकवा, भोवती काळा टेप. लेन्स चिमुकली असल्याने काचेचा वाकडेपणा तिथे फारसा जाणवतही नाही.

सूर्याचं सांगितलंच पाहिजे. ५, ८, १० नंबरमधून सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, त्यासाठी किमान १२ आणि सुखाने बघायचं तर १४ लागतो. काच लेन्सवर असताना डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्य शोधू नका, कुठलाच नंबर असो. भर उन्हात तापलेल्या काचेवर पावसाची सर किंवा लाटेचा शिंतोडा आला तर ती तडकू शकते, दोन फोटोंच्या मधे सावलीत ठेवा. समुद्रावरून आल्यावर आधी साध्या पाण्याने मीठ धुवा, मग पुसा. कोरड्या फडक्याने पुसलेलं मीठ पॉलिश पेपरचं काम करतं.

काच तडकली किंवा ओरखडली तर रिंग फेकू नका. काच-रिंग कोमट पाण्यात ठेवून ते हळूहळू कडकडीत तापवा, इपॉक्सी मऊ पडतो, मग लाकडी सुरीने रिंग सुटते. दुसरी काच आणा, कड पुन्हा खरवडा, आणि नव्या काचेचा घटक पुन्हा मोजा, जुन्या डब्यावरचा आकडा तिला लागू नाही.